आबांच्या खाटेखालचा कॉम्प्युटर

चंदन : वैनी, बघून तर घ्या. घ्यायलाच पाहिजे असं मी कुठे म्हणतोय? कॉम्प्युटरचे तीन बोर्ड आणलेत, नुसते या बाकावर मांडतो.

सावित्री : मांडू नको, चंदन. पिशयेत भर आणि कट्ट्याच्या बाजाराक जा परत. दुकान बंद ठेवन इलंस, गिऱ्हायकां परत जातली. माका बोर्ड नको, कायएक नको.

चंदन : मग फोन कशाला केलात?

सावित्री : मी खंय फोन केलंय?

चंदन : याच घरातून आला. "सावित्रीचो कॉम्प्युटर बंद पडलो, दुसरो घेवन ये, पैशांचा मिया बघतंय."

बाबली : मिया केलंय फोन.

सावित्री : आबा! तुमी?

बाबली : माझो नातू जितू पुण्याक जाताना माका मोबाईल देवन गेलो तो काय नुसतो उशाकडे ठेवूक? चंदनाचो नंबर तेच्यात हुतो. लावलंय.

सावित्री : सासरो सुनेक खेळणां घेवन देता म्हणान गावभर होतला. काशीवन्सां काय म्हणतली?

बाबली : माझा चेडू काय म्हणता ता तू माका सांगू नको. चंदन, दाखय रे तू. आणि जरा आपल्या भाषेत बोल. तुझी ती घाटावरची भाषा माझ्या कानात शिरणा नाय.

चंदन : कोल्हापूरला वाढलो आजोबा, आता कुठली आणू दुसरी? बरं, हा बघा. हा मोठा. रास्पबेरी पाय.

बाबली : पाय?

चंदन : नाव आहे त्याचं.

बाबली : माझो डावो पाय बदलून गावतलो काय इचार त्येंका.

चंदन : तुमच्या खाटेला होता तो याचाच जुना भाऊ. याला पडदा, कीबोर्ड, कॅमेरा सगळं लागतं. पुरता कॉम्प्युटर. हा मधला, तसाच, पण ताकद कमी. आणि हा काडेपेटीएवढा, याला कॉम्प्युटर म्हणायचं जिवावर येतं. एक काम लिहून द्यायचं, तेवढंच करत बसतो. वीज गेली-आली की लगेच जागा होतो. पण पडदा नाही, कॅमेरा नाही. वैनी, माझं ऐकाल तर मोठा घ्या. वर वाशाला कॅमेरा लावू. गोव्याहून शंकरदादालासुद्धा मोबाईलवर आजोबा दिसतील. झोपलेत, उठलेत, बसलेत, सगळं.

बाबली : सगळा?

चंदन : सगळं. अंधारातसुद्धा.

बाबली : हूं.

सावित्री : तू खंयचोय दाखय, मी हात लावचंय नाय. चवथीक काय झाला ता ऐकूक नाय तू?

चंदन : थोडं कानावर आलं. आजोबा पडले म्हणून.

सावित्री : पडले. मी गादयेखाली पट्टी घातलेली, आबा उठले की रांदपाच्या खोलयेत घंटा वाजात अशी. चार-पाच म्हयने बरी वाजली. आणि ज्या दिसा वाजूक व्हयी हुती, त्याच दिसा गप. आरती चललेली, सगळी माणसां गणपतीफुडे. आरती सोपवून मी हंय येतंय तर आबा दाराकडे जमनीर. कपाळ फुटलेला, मनगट मोडलेला. काशीवन्सां सगळ्या पावण्यांफुडे माका म्हणाली, "माझ्या बापाशीक यंत्राच्या हवाली केलंस आणि तू थंय टाळ्यो वाजयत ऱ्हवलंस." खोटा खंय हुता?

बाबली : जावंदे ता.

सावित्री : जावंदे कसा, आबा? कट्ट्याच्या बाजारात बायका बोलत असतत, माका बघली की गप होतत. ह्येंनी गोव्यातसून फोनार सांगल्यानी, "एक म्हाताऱ्याकडे बघूचा काम तुका दिललंय." एक काम. तेंनी आवाजय चढवूक नाय.

चंदन : वैनी, विहिरीचा पंप आपोआप बंद व्हायची सोय तुम्ही केलीत, तेव्हा मी दुकानात येईल त्याला सांगत होतो. अजून लोक विचारतात, ती बाई कोण म्हणून.

सावित्री : तेंका सांग, ती बाई मेली. अरे, जितूचा सामान कोनयात पडान हुता, तेच्यावांगडा मी खेळूक लागलंय. दुपारचा आवरला की यूट्यूब बघूचा, वायर जोडूची. दिवो लुकलुकलो की पोटात कसा बरा वाटायचा, ता कोणाक सांगूक येवचा नाय. एवडीच हौस. आता सगळा बारदानात भरून माळ्यार टाकलंय.

चंदन : माळ्यावर? मग आधी ते खाली काढा.

सावित्री : कित्याक?

चंदन : जुना का बंद पडला ते कळल्याशिवाय नवा कुठला घ्यायचा ते मी सांगणार कसा? आतलं मेमरी कार्ड बिघडलं असेल तर यातला मधला घेऊन उपयोग नाही, पुन्हा तेच होईल. पावसाळी हवेनं गंजला असेल तर तो ठेवायची डबी चांगली करावी लागेल. वीज गेल्यावर बॅटरीनं दगा दिला असेल तर बोर्डाचा दोषच नाही.

बाबली : जुनो कित्याक उकरतंस? मेलो तो. नवीन घे.

चंदन : डॉक्टरसुद्धा आधी काय झालं ते विचारतो, आजोबा.

बाबली : मेलेल्याक खंयचो डॉक्टर इचारता?

सावित्री : काढतंय. बघांदे तेका. माकाय कळांदे माझा काय चुकला ता.

बाबली : सावित्री, पडशीत गो शिडयेवरसून. ऱ्हवांदे.

सावित्री : पडणंय नाय. चंदन, शिडी धर.

चंदन : धरली. सांभाळून... द्या, द्या इकडे. बापरे, केवढी धूळ. ही ती डबी ना? बॅटरी वेगळी केलीत, बरं केलंत. थांबा, माझा चार्जर लावतो. हं. लाल दिवा आला. हिरवा... हिरवा लुकलुकतोय वैनी. कार्ड वाचतोय.

सावित्री : लुकलुकता?

चंदन : तुम्हीच बघा.

सावित्री : मगे चवथीक कित्याक मेललो तो?

चंदन : बघू. हा पट्टीच्या वायरीचा तुकडा डबीतच आहे. कापलीत ही?

सावित्री : कात्रीन. त्याच रागान. आबांक दवाखान्यातसून आणल्यार सगळा ओढून काढलंय.

चंदन : आणि घंटेची वायर? तिचं भोक रिकामं आहे.

सावित्री : तीय कापललंय... नाय. ऱ्हव. ती कापूक नाय. ती भिंतीक लोंबतच हुती, मी नुसती गुंडाळलंय. ती बघ, हंय, तिचा टोक चांगला आसा.

चंदन : लोंबत होती? म्हणजे तुम्ही हात लावायच्या आधीच डबीतून निघालेली.

सावित्री : निघात कशी? तूच दिललंस ती. खटक्याची.

चंदन : तेच म्हणतोय. ओढली तरी येत नाही ही. खटका नखानं दाबायचा आणि मग ओढायची. बघा, आता लावतो. पट्टीचा तुकडा जोडतो. हाताने दाबून धरा... आता सोडा.

सावित्री : अगो बाय!

चंदन : वाजली ना? तुमचं काही चुकलं नव्हतं वैनी. बोर्ड चांगला, कार्ड चांगलं, तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर. नुसती वायर निघाली होती. पाहुण्यांच्या पोरांनी काढली असणार, दुसरं काय.

सावित्री : पोरां आरतीक हुती. झांजी वाजयत. हंय कोण नाय हुता. हंय नुसते...

बाबली : चंदनाक चाय ठेव गो.

चंदन : चहाचं राहू दे आजोबा. पण वैनी, खटका दाबायचा म्हणजे माणसाचं बोट लागतं...

सावित्री : उंदीर.

चंदन : उंदीर?

सावित्री : उंदीर झालेत घरात. पावसात लय झालले.

चंदन : अहो, उंदराला खटका कसा...

सावित्री : उंदीर, चंदन.

चंदन : हां. हां, उंदीर असेल. माझ्या दुकानात पण... असतात.

सावित्री : तू असो कर. तुझो मोबाईल घे आणि बावीकडे जावन बघ, वायफाय थंयसर पोचता काय. पंपाक लागतला.

चंदन : बघतो. सावकाश बघतो.

(चंदन विहिरीकडे जातो.)

बाबली : बिचाऱ्या उंदरार कित्याक घातलंस?

सावित्री : मगे कोणार घालू?

बाबली : माझ्यार घाल.

सावित्री : आबा, मी तुमका कायएक इचारूक नाय. तुमी सांगू नकात.

बाबली : इचारूक नाय म्हणान तर सांगतंय. इचारलं असतंस तर तोंड उघडाचा नाय. वायर मिया काढलंय.

सावित्री : ठेवा तो इषय.

बाबली : त्या दिसा सकाळी तू माका दोनदा उठवन बसवललंस. याद आसा?

सावित्री : घंटा कशी वाजता ती दाखवूक.

बाबली : पयली काशीच्या जावयाक. मगे मुंबयच्या पावण्यांका. मिया उठलंय, घंटा वाजली, सगळे हसले. जावय म्हणालो, "परत एकदा, आजोबा." परत निजलंय, परत उठलंय.

सावित्री : होय. तो व्हिडिओ काढी हुतो.

बाबली : मगे पोरांका नाद लागलो. मिया खाटेर जरा वर सरलंय की घंटा. घंटा वाजली की पोरां धावत दारात. "आजो उठलो, आजो उठलो." टाळ्यो.

सावित्री : माका वाटला, तुमकाय गंमत वाटता. तुमी हसत हुतात.

बाबली : हसत हुतंय. काय करतलंय मगे? सणाचो दिवस. रागवलंय असतंय तर म्हातारो कुरकुरता म्हणाले असते.

सावित्री : आबा...

बाबली : बोलांदे माका. आरती सुरू झाली. सगळी थंय गेली, माका बरा वाटला. आणि धोतर भिजला, सावित्री. कळलाच नाय माका. जरासाच भिजला, पण भिजला. म्हटला, आरती चलता तोवर गपचूप न्हाणयेत जावया, बदलूया, येवया. पण उठलंय तर घंटा वाजतली, पोरां आरती सोडून धावतली. तेंच्या मागसून तेंच्यो आवशी. आणि मिया असो उभो. म्हणान खाटेखाली हात घालून चाचपलंय. तू डबी साफ करताना खटको कसो दाबतंस ता बघलेला. गावलो.

सावित्री : आणि दाराकडे पडलात.

बाबली : दाराकडे.

सावित्री : मी इलंय तेवा तुमचा धोतर ओला हुता. माका वाटला, पडल्यार भियान झाला असतला.

बाबली : सगळ्यांका तसाच वाटला. जमनीर पडान मिया पयलो इचार तोच केलंय. रगत येय हुता, हात हलणा नाय हुतो, आणि माझ्या मनात काय, तर बरा झाला, आता कोणाक कळाचा नाय.

सावित्री : काशीवन्सां माका बोलली तेवा तुमी ह्याच खाटेर हुतात.

बाबली : हुतंय.

सावित्री : डोळे मिटून हुतात. माका वाटला, औषधान डोळो लागलो.

बाबली : जागो हुतंय. सगळा ऐकलंय. तिना तुझ्या आवशीबापाशीचा नाव काढल्यान, ताय ऐकलंय.

सावित्री : ऐकलात.

बाबली : "वायर मिया काढलंय." एवडाच बोलूचा हुता. पण ता बोलल्यार कोणतरी इचारतलो, कित्याक काढलात? मगे काय सांगू? जावय उभो, मुंबयची माणसां उभी. तुका ती फाडून खाय हुती आणि मिया माझा धोतर सांभाळीत ऱ्हवलंय.

सावित्री : दसरो गेलो, आबा. दिवाळी गेली. मी माहेराक जावक नाय. भावान बोलवल्यान तर सांगलंय, आबांका बरा नाय. तेंका काय तोंड दाखवू? रोज सकाळी तुमचा कपाळ पुसताना ती खूण दिसायची, आणि मी मनात म्हणायचंय, ह्या माझ्यामुळे. आणि तुमी माझ्याकडे बघीत ऱ्हवायचात.

बाबली : बघीत ऱ्हवायचंय.

सावित्री : एकदातरी, मी एकटीच असताना...

बाबली : रोज सांगूक बघायचंय. तू वाटी घेवन येयस, तोंडाक पेज लावस, की मिया पेज गिळायचंय, आणि ता बोलणाय.

सावित्री : माका राग येता तुमचो. खरा सांगतंय. लय राग येता.

बाबली : येवंदे. येवकच व्हयो.

सावित्री : आणि राग आलो की लगेच ता सकाळचा आठावता. "आबा, उठा जरा, दाखवया." मी तुमचो हात धरून उठवललंय. तुमचो चेरो बघूक नाय मी. घंटेकडे कान लावन हुतंय, वाजता काय म्हणान. पावण्यांच्या तोंडाकडे बघी हुतंय, कोण वा म्हणता काय. घरात कोणी माका कधी वा म्हणूक नाय, आबा. त्या दिसा म्हणाले. त्या वा-पायी मी तुमका मांडलंय तेंच्याफुडे. पंप दाखवतंय तसा.

बाबली : तू माझ्यासाठी केललंस ता.

सावित्री : घंटा तुमच्यासाठी केललंय. दाखवला ता माझ्यासाठी. काशीवन्सां चुकीचा बोलली, पण माका शरम वाटूक व्हयी हुती ती वाटलीच नाय इतके दिवस. भलतीच वाटत ऱ्हवली.

बाबली : रडा नको गो. चंदन येतलो.

सावित्री : येवंदे.

बाबली : तो मोबाईल दी हंय.

सावित्री : कोणाक लावतास?

बाबली : काशीक.

सावित्री : नको, आबा. माका कळला, पुरे झाला. तिका धोतराचा सांगूची काय गरज?

बाबली : कोणाक काय सांगूचा, ता तू माका सांगू नको. लाव नंबर, माका बारीक दिसणा नाय... हां. वाजता... काशी? मिया बाबा... हात बरो आसा. जेवलंय. ऐक. चवथीक सावित्रीचो मशीन बंद पडूक नाय हुतो. घंटेची वायर मिया काढललंय... माझ्या हातान. जाणान... कित्याक ता इचारू नको... नाय, ती हंय उभी आसा म्हणान नाय सांगत. तिना सांगा नकात म्हटल्यान... काशी, इचारू नको म्हणान सांगलंय मां? बापाशीक सगळा इचारूचा नसता... तू लोकांफुडे बोललंस, आता त्या लोकांका सांग. जावयाक सांग. मुंबयक फोन कर. बाबांनी सांगल्यानी म्हणान सांग... होय, माझाच चुकला. आता तू कित्याक रडतंस? ठेवतंय.

सावित्री : काय म्हणाली?

बाबली : पयला खरा वाटूक नाय. मगे इचारूक लागली. मगे रडाक लागली. ऐतवारी येता म्हणाली.

सावित्री : येवंदे.

बाबली : बोलतलंस तिच्यावांगडा?

सावित्री : बघूया. लगेच नाय माका जमाचा.

बाबली : नको लगेच.

चंदन : वैनी, येऊ का आत? विहिरीपाशी काही येत नाही. गोठ्यापर्यंत येतं, पुढे नाही. मग काय ठरवलंत? जुना चालतोय, तोच लावायचा की हा मोठा?

सावित्री : दोनय नकोत. कॅमेरो तर नकोच. तो बारको दाखय माका.

चंदन : हा? यात तुमचं मन रमणार नाही वैनी. दोन दिवसांत शिकून मोकळ्या व्हाल.

सावित्री : माझा मन ऱ्हवांदे. माका सांग, आबांच्या हाताशी एक बटन. तेंनी दाबला की थंय चुलीच्या वरच्या फळयेर बारीक दिवो लागाक व्हयो. आवाज नको. दुसऱ्या कोणाक कळाक नको. नुसतो माका दिसाक व्हयो. जमतला?

चंदन : जमेल की. हे असले दोन लागतील, एक इथे, एक चुलीपाशी. एकमेकांशी आपसात बोलतात, वायफाय नसलं तरी. आणि बॅटरीवर मोठ्यापेक्षा किती तरी जास्त चालतात.

सावित्री : वीज गेली तर?

चंदन : यांना फरक पडत नाही. पण आजोबा बटण न दाबताच उठले तर? मागची पट्टी निदान आपोआप सांगत होती.

सावित्री : ता माका इचारू नको. तेंका इचार.

चंदन : आजोबा, दाबाल ना?

बाबली : दाबतलंय.

चंदन : आणि विसरलात तर? झोपेत असाल, घाई असेल...

बाबली : सावित्री, ती पट्टीय घाल परत.

सावित्री : नको म्हणत असशात तर नाय घालूचंय. खरा सांगतंय, आबा.

बाबली : रातची घाल. दिसाची काढून ठेव. आणि तिचोय दिवोच लागांदे, तुझ्या उशाकडे. घंटा ह्या पोराक देवन टाक, दुकानाच्या दाराक बांधूक.

चंदन : चालेल. म्हणजे दोन छोटे बोर्ड, एक बटण, दोन दिवे. उद्या सगळं घेऊन येतो आणि मीच बसवून देतो.

सावित्री : तू सामान आण. बसवतंय मी.

चंदन : बरं, बरं. बटण तरी कसलं आणू? आणि खाटेच्या कुठल्या अंगाला? वायर तेवढी मोजून आणतो.

सावित्री : आबा, तुमी रातचे खंयच्या कुशीर निजतास?

बाबली : उजव्या. भिंतीकडे तोंड करून.

सावित्री : म्हंजे डावो हात मोकळो.

बाबली : मोकळो, पण तेच्यात अजून जोर नाय. बोटां नीट आवळणत नाय.

चंदन : मऊ बटण आणतो. नुसतं टेकलं तरी दाबलं जाईल असं.

सावित्री : निजा बघू जरा, आबा. नाय, दाखवूक नाय. नुसता माका कळाक. हंय लावू बटन?

बाबली : थंय हात वर करूचो लागता.

सावित्री : हंय?

बाबली : जरा खाली. पोटाकडे.

सावित्री : हंय?

बाबली : हां. हंय बरा.